न पाहिलेल्या घराचे मालक

आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी आयुष्यात एकच घर विकत घेतलं, आणि खरेदीखत हातात पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते घर कधीही न पाहण्याचा निश्चय जाहीर केला. घर बेळगावला होतं. ते स्वतः गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत तीस वर्षं भाड्याने राहत होते.

"मालकाने घर पाहू नये," ते म्हणाले. "पाहिलं की माया लागते. माया लागली की भाडं मागताना जीभ अडखळते."

हे शास्त्र त्यांनी आपल्या घरमालकावरून बनवलं होतं. त्यांच्या चाळीचा मालक तीस वर्षांत कुणीच पाहिला नव्हता. कुणी म्हणत मलबार हिलवर असतो, कुणी म्हणत काठेवाडात असतो, आणि तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्याचं ठाम मत होतं की तो कधीच वारला आहे. दर महिन्याला त्याचा मेहता येई, गॅलरीत उभा राहून भाडं घेई आणि तक्रारी ऐके. "लिहून घेतो," असं तो प्रत्येकाला सांगे. त्याच्याजवळ पेन्सिल कधी कुणाला दिसली नाही. हेडक्लार्क या माणसावर मनापासून चिडत आणि मनापासून त्याचा अभ्यासही करत. "तीस वर्षं त्याच्या शाळेत बसलोय मी," ते म्हणत. "आता वर्ग बदलायला हवा."

मी त्या ऑफिसात टायपिस्ट होते. परळला भोईवाड्यात आमची खोली. वडील गिरणीत होते. मॅट्रिक होऊन मी टायपिंगच्या क्लासला गेले आणि ट्रामने फोर्टात येऊ लागले. त्या ऑफिसातली मी पहिलीच बाई, त्यामुळे मला बसवायचं कुठे हा मोठाच पेच पडला. हेडक्लार्कनी तो सोडवला. स्वतःच्या टेबलाशेजारी माझं टेबल लावून घेतलं आणि म्हणाले, "इथे बसवा. इथे कुणी उगाच येत नाही."

ते खरंच होतं. त्यांच्याजवळ उगाच जाणाऱ्याला पहिला प्रश्न येई, "भाडं किती देता?" माणसाची खुशाली विचारायची त्यांची ती रीत होती. पाठोपाठ, "खोली किती बाय किती?" ज्याला हे सांगता येत नसे त्याच्याकडे ते अशा काही करुणेने बघत, की जणू त्याला आपल्या वडिलांचं नाव आठवत नाहीये. त्यांच्या छत्रीच्या दांड्यावर चाकूने पाडलेल्या फूटफूट अंतराच्या खुणा होत्या. नव्या खोलीत शिरले की ते भिंतीकडेने छत्री टेकवत टेकवत जात. एकदा मोठ्या साहेबाने त्यांना केबिनमध्ये बोलावून अर्धा तास खडसावलं. बाहेर आले तेव्हा चेहरा प्रसन्न. "बारा बाय चौदा," ते मला म्हणाले. "आणि वर माळा काढायला जागा."

घर घेतलं ते छप्पन्न साली. त्या वर्षी मुंबई कुणाची यावरून रस्ते पेटलेले होते, आणि मुंबईखालोखाल बेळगाव कुणाचं यावरून. आमच्या कॅशियरच्या सासुरवाडीचे कुणी बेळगावचं घर मिळेल त्या भावाने फुंकून टाकायच्या बेतात होते. उद्या गाव कुठल्या राज्यात जाईल कोण जाणे, म्हणून घाबरलेले. गिऱ्हाईक मिळत नव्हतं. कॅशियरने ही कथा दुःखाची म्हणून सांगितली. हेडक्लार्कनी ती जाहिरातीसारखी ऐकली.

"भाव पडलाय तो घराचा नाही, नकाशाचा," ते म्हणाले. "नकाशे काय, बदलतात. भिंती तिथेच राहतात."

पैसे उभे करताना काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, पाटल्या गेल्या. काकूंनी एवढंच विचारलं, घराला खिडक्या किती. हेडक्लार्कना ते माहीत नव्हतं. त्यांनी पत्र घालून विचारलं आणि उत्तर आलं, नऊ. गिरगावातल्या त्यांच्या खोल्यांना मिळून एक खिडकी होती आणि ती शेजारच्या चाळीच्या मोरीवर उघडत असे. काकूंनी पाटल्या काढून दिल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दागिना ठेवून तरी कुणासाठी ठेवायचा, असं त्या मला पुढे एकदा म्हणाल्या.

पाटल्या दिल्या म्हणून निदान एकदा घर बघू द्या, असा काकूंचा हट्ट होता. हेडक्लार्क तत्त्वाला चिकटून राहिले, पण त्यांना बायकोचं वाईटही वाटत असावं. त्यांनी बेळगावहून सगळी मापं मागवली आणि एका रविवारी सकाळी चाळीच्या मधल्या चौकात खडूने ते घर खऱ्या मापाचं आखून काढलं. मी काही कागद द्यायला गेले होते, म्हणून मला ते बघायला मिळालं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. हेडक्लार्क छत्रीने दाखवत पुढे आणि काकू डोक्यावर पदर घेऊन मागे.

"हे माजघर. आता स्वयंपाकघर. उंबरा आहे, पाय उचल."

काकूंनी पाय उचलला. वरून कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. त्या खडूच्या स्वयंपाकघरात जरा थांबल्या, एका खिडकीशी गेल्या आणि बाहेर बघितलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी त्या घरात लंगडीचे डाव मांडले.

भाडेकरू मिळवायचं काम पत्रानेच झालं. किल्ली कॅशियरच्या मेहुण्याकडे होती. त्याने दारावर पाटी लावली की इच्छुकांनी मुंबईला मालकांकडे अर्ज करावा आणि तो इंग्रजीत करावा. इंग्रजीत का, असं मी विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, "कानडीत आला तर मला वाचता येणार नाही, आणि मराठीत आला तर माणूस नात्यातला निघेल."

मग एक दिवस ऑफिस सुटल्यावर त्यांनी मला भाड्याच्या अटी सांगायला घेतल्या. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत टाइप करी. भिंतीला खिळा मारण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. गाय बांधू नये. चौथी अट, घरात एकच कुटुंब राहील आणि कोणताही धंदा होणार नाही. सातवी, विहिरीचा दोर भाडेकरूचा, पाणी मालकाचं. असं करत करत ते अकरावीवर आले.

"अकरावी. जात कळवावी. ब्राह्मण किंवा तत्सम. इतरांनी तसदी घेऊ नये."

हे त्यांनी सातवीइतक्याच सहज सांगितलं. माझ्याकडे बघून नाही आणि माझी नजर चुकवूनही नाही. मी कोण, कुठली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझं टेबल शेजारी लावून घेताना त्यांनी त्याचा विचार केला नव्हता आणि ही अट सांगतानाही केला नाही. त्यांच्या मनात वाईट असतं तर मला ते सोपं गेलं असतं.

त्याआधी पंधराच दिवस माझा मोठा भाऊ दादरला खोली बघायला गेला होता. नुकतंच लग्न झालेलं, पोस्टात कायमची नोकरी. मालकाने खोली दाखवली, चहा सांगितला, मग आडनाव विचारलं. आडनाव कळल्यावर त्याला आठवलं की खोली कालच दुसऱ्या कुणाला दिलेली आहे. भाऊ घरी आला आणि म्हणाला, चहा यायच्या आधीच उठलो ते बरं झालं. 

मी दहावी अट टाइप केली, आणि अकरावी केली नाही. बारावी केली.  हेडक्लार्कनी न वाचता सही केली. माझ्या टायपिंगमध्ये चूक नसते, असं ते सगळ्यांना सांगत.

अटी मान्य असल्याचं पत्र आठ दिवसांत आलं. खाली नुसती आद्याक्षरं होती. कामधंद्याच्या जागी लिहिलं होतं की औषधोपचाराच्या क्षेत्रात आहे. हेडक्लार्क खूश झाले. "कंपाउंडर असावा," ते म्हणाले. "उत्तम. लोक आजारी पडायचे थांबत नाहीत." अशा रीतीने ते मालक झाले.

दिवाळीच्या सुमाराला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. ऑफिसात त्यांना 'संस्थानिक' म्हणू लागले. परराज्यात ज्याची मिळकत, त्याला दुसरं काय म्हणणार. त्यांनी ते नाव मनावर घेतलं नाही, पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मात्र ते जीव तोडून उतरले. चौपाटीवरच्या सभांना पुढच्या रांगेत. 'बेळगाव, कारवार, निपाणी' अशी घोषणा आली की बेळगाववर त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जाई, आणि कारवारला एकदम खाली येई. कॅशियर एकदा सर्वांदेखत म्हणाला, "तुमचं घर महाराष्ट्रात आणायला आम्ही लाठ्या खायच्या का?"

 पण पुढच्या मोर्चाला कॅशियर घरी राहिला आणि हे गेले. फाउंटनजवळ लाठीमार झाला. दुसऱ्या दिवशी ते मनगट सुजलेलं आणि छत्री मोडलेली असे वेळेवर कामावर हजर. छत्री दोन फुटांवर तुटली होती. ती त्यांनी टाकली नाही. पुढे ते त्या दोन फुटांच्या तुकड्यानेच मोजत आणि हिशेब पक्का होण्यासाठी ओठ हलवत. त्या दिवशी मी त्यांना विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, "हे तत्त्वासाठी आहे, घरासाठी नव्हे, एवढं त्या कॅशियरला सांगा." आणि मग डाव्या हाताने मनगट धरून त्यांनी मला भाडेकरूला पत्र सांगायला घेतलं, की परसातल्या पेरूच्या झाडाची फळं कुणाची हे करारात राहून गेलं आहे.

भाडेकरूची पत्रं मात्र फार सुरेख असत. तक्रार असे, पण तिच्यात कुरकुर नसे. तिसऱ्या पत्रात स्वयंपाकघरातल्या धुराड्याविषयी लिहिलं होतं, की ते इतकं वर आहे की धूर आधी डोळ्यांत जातो आणि मग बाहेर. ते वाचून मला वाटलं, हा कंपाउंडर स्वतः चुलीपुढे बसतो. मला जे वाटलं ते मी मनातच ठेवलं. एव्हाना तशी मला सवय झाली होती.

दुसऱ्या वर्षी छपराबद्दल पत्र आलं. कौलं सरकली आहेत, चार ठिकाणी भांडी मांडावी लागतात, आणि मालक दूर असले तरी घर त्यांच्यासाठी म्हणूनच सांभाळणाऱ्याला निदान कोरडं झोपायला मिळावं, अशी विनंती होती. हेडक्लार्कनी ते दोनदा वाचलं. मग डोळे मिटून मेहत्याच्या सुरात मला उत्तर सांगितलं, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." पुढे एक शब्द नाही.

पण पत्र त्यांनी फाइलला लावलं नाही, खिशात घातलं. त्यांच्याही खोलीत त्या वर्षी गळत होतं. त्यांनी भाडेकरूचं पत्र जसंच्या तसं उतरवून घेतलं, फक्त गावाचं नाव बदललं, आणि मला ते टाइप करायला लावून आपल्या घरमालकाच्या नावाने, भाड्याच्या पावतीवरच्या पत्त्यावर पाठवून दिलं. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. महिन्याभरात गवंडी आला आणि गच्चीची फट बुजवून गेला. सगळी चाळ बघायला जमली. हेडक्लार्क छाती काढून आपल्या पत्राचा मजकूर सगळ्यांना मराठीत ऐकवत होते. काकूंना खरा प्रकार मी सांगितला नव्हता. त्यांना ते पत्र नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सापडलं, आणि इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. ऐकून झाल्यावर त्या नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "ज्याच्या पत्राने आपली गळती थांबली, त्याची चालूच का?"

त्या आठवड्यात बेळगावला कौलांचे पैसे गेले. सोबतच्या पत्रात हेडक्लार्कनी लिहायला लावलं, की ही बाब अपवाद समजावी.

साठ साली महाराष्ट्र राज्य झालं, बेळगावाशिवाय. ऑफिसात पेढे वाटले. हेडक्लार्कनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवला. "राहिलेल्या भागासाठी," ते म्हणाले. पुढच्याच महिन्यात ते रिटायर होणार होते आणि काकूंनी घरी एकच धोशा लावला होता, की आता मला माझ्या नऊ खिडक्यांत नेऊन बसवा. चार वर्षं दुसऱ्याने बसून पाहिलं, तेवढं पुरे झालं.

मग मी भाडेकरूला जागा खाली करण्याची नोटीस टाइप केली. उत्तर लवकर आलं आणि ते लहान होतं. मालकांची इच्छा असेल तर जागा खाली करीन, परंतु ठरवण्यापूर्वी त्यांनी एकदा येऊन घर पाहावं.

हेडक्लार्क दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीन तिकिटं काढली. माणूस कानडी निघाला तर बोलायला तुझं इंग्रजी लागेल, माझं वाचण्यापुरतंच, असं म्हणून मला बरोबर घेतलं. ऑफिसात मी 'टायपिस्टबाई' आणि 'तुम्ही' होते. गिरगावात गेले की 'तू' होई. काकू बरोबर आहेत म्हटल्यावर माझ्या आईने परवानगी दिली. पुण्याला गाडी बदलून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावला उतरलो.

दार एका बाईंनी उघडलं. पंचेचाळिशीच्या असाव्यात, पांढरं पातळ, हात कोपरापर्यंत ओले. हेडक्लार्कनी मला खूण केली आणि मी इंग्रजीत सुरुवात केली, की आम्ही अमुक अमुक यांना भेटायला आलो आहोत.

"मीच की ती," बाई मराठीत म्हणाल्या. "या की आत. मुंबईचे मालक न्हवं तुम्ही?"

हेडक्लार्क उंबऱ्यातच थबकले. मग हळूच विचारलं, "तुम्हाला मराठी येतं?"

"घरात कानडी, बाजारात मराठी. इथं सगळ्यांचं असंच. इंग्रजी कुठलं येतंय मला? शेजारच्या मास्तरांच्याकडनं लिहून घेत होते. तुम्ही इंग्रजीत मागितलंसा म्हणून."

म्हणजे चार वर्षं हे मराठीत बोलत, मी इंग्रजी करी, तिकडे मास्तर त्याचं पुन्हा मराठी करून बाईंना सांगत, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं येई. दोन राज्यांनी मिळूनही इतका घोळ घातला नसेल.

बाई नर्स होत्या. पुढच्या खोलीत तीन खाटा होत्या. एका खाटेवर एक बाळंतीण आणि तिच्या कुशीत दोन दिवसांचं मूल. हॉस्पिटलची नोकरी सोडून बाईंनी इथे बाळंतपणं करायला सुरुवात केली होती. ज्यांना लांब जाणं जमत नसे, किंवा गेल्यावर जिथे बाहेर बसवून ठेवत, अशा बायका त्यांच्याकडे येत. हेडक्लार्कनी छत्रीचा तुकडा उचलला होता, तो खाली केला.

"अट चौथी," ते म्हणाले. "एकच कुटुंब. धंदा नाही."

"मोडली," बाई म्हणाल्या. "चौथी मोडली, ते कबूल. त्यासाठी उठवायचं तर उठवा. पण इथनं कुठं जायाचं ते मला म्हाईत नाही. या गावात घरासाठी मी सतरा दारं फिरले. एकटी बाई, त्यात माझं हे असं काम, आणि जो तो आधी जात विचारायचा. तुमचा कागद आला, त्यात काही विचारलंच नव्हतं. मास्तरांच्याकडनं मी दोनदा वाचून घेतला."

त्या आत गेल्या आणि ट्रंकेतून तो कागद घेऊन आल्या. घड्यांवर विरलेला, पण स्वच्छ. माझंच टायपिंग.

"एवढंच एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "यात दहा आहे आणि मग एकदम बारा. अकरावी काय होती? चार वर्षं मला धास्ती, की न कळत ती मोडत असेन."

मी खाली बघत होते. हेडक्लार्कनी कागद हातात घेतला, चष्मा चढवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चार वर्षांपूर्वी वाचायला हवा होता तसा. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील.

"टायपिस्ट नवीन होती," ते बाईंना म्हणाले. "अंक चुकला. अकरावी अशी नव्हतीच."

कागद त्यांनी त्याच घड्यांवर परत मिटला आणि बाईंना दिला.

या सगळ्यात काकू कुठे आहेत ते कुणाच्या लक्षात नव्हतं. त्या खिडक्या मोजत घरभर फिरून आल्या होत्या. नऊ होत्या, पण पुढच्या दोन, बाळंतिणीला वारा नको म्हणून फळ्या ठोकून बंद केलेल्या. खिळ्यांची लेखी परवानगी कुणी घेतली नव्हती.  बाईंनी चहा आणला. काकूंनी कप लगेच उचलला. हेडक्लार्कनी आपला खाली ठेवला, घटकाभर तसाच राहू दिला, आणि मग ते निवलेला चहा एका दमात प्यायले. तेवढ्यात बाळ रडलं आणि बाईंचे हात गुंतलेले होते, म्हणून काकूंनी ते उचललं. उचलायची त्यांना सवय नव्हती हे दिसत होतं. अर्ध्या तासाने आम्ही उठलो, तेव्हा काकू मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही व्हा पुढे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी आठ दिवस राहते."

परतीच्या गाडीत आम्ही दोघंच. मिरज मागे पडलं.

"तुला काढून टाकायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो."

"का गाळलीस?"

मी त्यांना दादरच्या खोलीची गोष्ट सांगितली. चहाची सुद्धा. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"तेव्हा सांगायचं होतंस मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही ती अट काढली असतीत?"

 खोटं बोलायचं असतं तर ती वेळ बरी होती. डब्यात ऐकणारं कुणी नव्हतं.

"नसती काढली," ते म्हणाले. पुण्यापर्यंत मग त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते ते.

काकूंचे आठ दिवस संपले नाहीत. त्यांची कार्डं येत, मराठीत, मोठाल्या अक्षरांत. 'परवा जुळी झाली. दोन्ही मुली.' किंवा 'पेरू गोड आहे. जुने धोतर पाठवा, दुपट्यांना हवे.' हेडक्लार्क रिटायर झाले आणि एका खिडकीच्या त्या खोल्यांत एकटे स्टोव्हवर भात शिजवत बसले. मी कधी चौकशीला गेले तर कार्ड पुढे करत आणि म्हणत, "लांब राहून घर चालवता येतं. बायको चालवता येत नाही." धोतरं मात्र त्यांनी धाडली, जुनी संपल्यावर दोन नवी. दोन महिन्यांनी त्यांनी खोली सोडायचं कळवलं. मेहता आला तेव्हा त्याच्या कानावर पेन्सिल होती.

बेळगावात त्यांनी मागच्या दोन खोल्या घेतल्या. पुढचं घर बाईंकडेच राहिलं, भाड्याने. भाडं दोघांनाही हवं होतं; त्यांना घ्यायला आणि बाईंना द्यायला. घासाघीस झाली ती उलटी, ते कमी सांगत आणि बाई जास्त. मागच्या खोल्यांत धूर येतो अशी तक्रार हेडक्लार्कनी केली तेव्हा बाईंनी धुराडं खाली घेतलं, असं काकूंनी मला लिहिलं होतं.

दोन वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. दुपार होती. ओट्यावर एक लाकडी बाक टाकला होता आणि त्यावर हेडक्लार्क बसले होते. वाळले होते, पण दाढी रोजच्यासारखी गुळगुळीत. मी टेकते न टेकते तोच विचारलं, भाडं किती देतेस. मग मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आपल्याला कानडी येऊ लागलं आहे. किती, असं मी विचारल्यावर खरं ते सांगून टाकलं. एक शब्द.

तेवढ्यात बैलगाडीतून दिवस भरलेल्या एका पोरीला आणलं. बाई आणि काकू तिला धरून आत घेऊन गेल्या आणि दार लागलं. तिचा नवरा, तिशीच्या आतला, डोक्याला मुंडासं, अंगणात तसाच उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

हेडक्लार्क बाकावर एका बाजूला सरकले.

"कूड्री," ते म्हणाले. बसा.

तो त्यांच्याशेजारी टोकावर टेकला. कानडीत काहीतरी बोलला, बराच वेळ. हेडक्लार्कनी मान डोलावली. त्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. आपल्या पितळी तांब्यातलं पाणी त्यांनी त्याला दिलं, ते तो वरून घटाघटा प्यायला.  आतून मधूनमधून आवाज येत आणि प्रत्येक वेळी तो माणूस उठू लागे, आणि हेडक्लार्क त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवत. मला त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. मी आहे हे ते विसरले असावेत.

उन्हं कलली. अंगणातला बैल बसला, पुन्हा उठला. आणि मग आतून तो आवाज आला, बारीक, चिडलेला, कुठल्याच भाषेतला नव्हे असा.

बाकावरचे दोघंही एकदम उठून उभे राहिले.